अण्णा विचारतात, "गाडी लागली का?"

"ताई, नमस्कार. मी मिरजेची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 76. एसटीत कंडक्टर होते. जठराचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत पसरलाय. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी 'आता घरी न्या, त्रास होणार नाही एवढं बघू' असं सांगून मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. रविवारपर्यंत अर्धी वाटी पेज जात होती, आता दोन चमचे चहासुद्धा नको म्हणतात. आत्या म्हणते, त्यांना उपाशी मारताय, सलाईन लावा. भाऊ मस्कतला असतो, रोज फोन करून विचारतो, नेमके किती दिवस? रात्री अण्णा उठायला बघतात, 'गाडी लागली का? माझी पेटी कुठाय?' म्हणतात. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या काकांशी बोलतात. आईला वाटतं हे सगळं मॉर्फिनमुळे, ती गोळी लपवून ठेवते. शेवट जवळ आला हे मला कसं कळणार? आणि नेमकी मी तेव्हा खोलीत नसले तर? – एक मुलगी"

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 22 वर्षं मी अशाच घरांत जात होते, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची घरी शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून. दारात चपला काढतानाच बहुतेक घरांत पहिला प्रश्न यायचा तो तुमच्या भावाचा. त्याचंच उत्तर आधी देते, कारण त्यावर त्याचं तिकीट अवलंबून आहे.

दिवस मोजून सांगता येत नाहीत, पण उतरणीचा वेग बघता येतो. गणपतीत होते त्यापेक्षा दिवाळीत खालावले, असा फरक महिन्यामहिन्यानं दिसत असेल तर हाताशी बहुधा काही महिने असतात. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त थकले, असं असेल तर आठवडे. काल टेकून बसत होते आणि आज कुशीवरही आपणच वळवावं लागतं, असं झालं तर दिवस. सकाळी ओळखलं, दुपारी हाकेला डोळे उघडले नाहीत, तर तास. हा ठोकताळा आहे, चुकतोही. पण रविवारची अर्धी वाटी पेज आणि आजचे दोन चमचे चहा, हा दिवसांचा वेग आहे. भावाला भेटायचं असेल तर त्यानं आता निघावं. त्याच्या येण्यानंतर अण्णा आणखी दोन आठवडे राहिले तर चांगलंच झालं.

आता आत्यांचं. त्यांच्यावर रागावू नका. लहानपणी ज्या भावाच्या ताटात आपल्यातली अर्धी भाकरी टाकली, तो समोर उपाशी पडलाय हे बघणं फार कठीण असतं. पण अण्णांची भूक आजारानंच नेली आहे. शरीर आवराआवर करायला लागलं की पचवण्याचं काम मंदावतं. आत गेलेलं अन्न मग पोटात नुसतं पडून राहतं, ओकारी होते, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत उतरतं. बरेच दिवस अन्न कमी पडलं की शरीर साठलेली चरबी जाळतं, आणि त्यातून जे घटक रक्तात येतात त्यांनी भूक आणखी मरते. त्यामुळे आपल्याला जशी भूक पोटात खड्डा पाडते तशी ती त्यांना पाडत नाही.

सलाईनचंही तसंच. ते पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडं थकलेली असतात. मग ते पायांवर सूज म्हणून, पोटात पाणी म्हणून नाहीतर छातीत घरघर म्हणून साठतं. एखाद्या ठराविक कारणासाठी डॉक्टरांनी थोडं लावायला सांगितलं तर गोष्ट वेगळी. 'काहीतरी करतोय' हे नातेवाइकांना दिसावं म्हणून लावलेल्या सलाईननं फुगलेले हात मी पुष्कळ पाहिलेत. शीर सापडत नाही म्हणून चार-चार ठिकाणी टोचलेलं असायचं.

अण्णांना तहान वाटते ती बहुतेक कोरड्या तोंडाची. म्हणून तोंडाची निगा आत्यांकडे द्या. हे किरकोळ काम नाही, या दिवसांतलं ते मोठं काम आहे. स्वच्छ मऊ कापड किंवा गॉज बोटाला गुंडाळायचं, पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हातानं फिरवायचं. दर दोन तासांनी, जाग असेल तर त्याहून लवकर. ओठांना खोबरेल किंवा तूप. कवळी असेल तर काढून ठेवा. अण्णा पूर्ण जागे असतील, स्वतः मागत असतील, तर पाठीशी उशा लावून चमचाभर चहा, उसाच्या रसाचा घोट, जे मागतील ते. ठसका लागला की तिथेच थांबायचं. झोपेत किंवा ग्लानीत असताना तोंडात काही म्हणजे काही ओतायचं नाही.

शेवट जवळ आल्याच्या खुणा तुम्ही विचारल्यात. आपल्या आज्यांकडे त्यांच्यासाठी शब्द तयार होते: नाडी सुटली, घरघर लागली, ऊर्ध्व लागला. आता हे बघा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात आणि ब्राझीलमधल्या एका कर्करोग रुग्णालयात 357 रुग्णांच्या खुणा दिवसातून दोनदा टिपून ठेवल्या गेल्या. डॉ. डेव्हिड हुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. मृत्यू तीन दिवसांच्या आत आहे हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगणाऱ्या पाच खुणा त्यांना सापडल्या. मनगटाची नाडी हाताला न लागणं, श्वास घेताना जबडा खालीवर होणं, छातीत घरघर, लघवी अगदी कमी होणं आणि श्वासाची लय तुटणं. म्हणजे नाडी, ऊर्ध्व आणि घरघर, आज्यांचे तिन्ही शब्द त्या पाचांत आहेत. त्या बायकांनी उशाशी बसून हे पाहिलेलं होतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवा. या खुणा दिसल्या तर वेळ जवळ आली असं समजावं, पण दिसल्या नाहीत म्हणून वेळ लांब आहे असं मुळीच नाही. बऱ्याच जणांना यातल्या काही खुणा येतच नाहीत. कुणी झोपेतच हळूहळू श्वास सोडतं. त्यामुळे यादी हातात धरून पहारा देऊ नका.

श्वासाची तुटलेली लय पहिल्यांदा बघणाऱ्याला फार घाबरवते, म्हणून ती नीट सांगते. श्वास हळूहळू मोठे, भराभर होत जातात, मग उथळ होत होत थांबतात. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त काहीच नाही. आपल्याला वाटतं संपलं, आणि पुन्हा सुरू. मेंदूची श्वास चालवणारी यंत्रणा मंदावल्यानं हे होतं. त्यात अण्णा गुदमरत नसतात. जबड्याचा श्वास, म्हणजे आपला ऊर्ध्व, बहुतेक शेवटच्या काही तासांत येतो. तेव्हा छाती फारशी हलत नाही, हनुवटी तेवढी मासोळीसारखी उघडमीट करते.

घरघर म्हणजे घशात साठलेली थुंकी आणि कफ. आपण ते गिळतो किंवा खाकरतो, त्यांच्यात तेवढी ताकद आणि जाग उरलेली नसते. ऐकणाऱ्याला तो आवाज सोसवत नाही. अण्णांना त्रास होतोय का, हे ठरवायला त्यांच्या कपाळाकडे बघा. कपाळ सैल, भुवया जागेवर असतील तर आवाज कितीही मोठा असला तरी ते त्रासात नाहीत. उताणे असतील तर कुशीवर वळवा, पाठीला लोड लावा, डोकं थोडं उंच ठेवा. पुष्कळदा घरघर एवढ्यानंच कमी होते. कफ ओढून काढायची सक्शनची नळी घशात खोल घालायचा आग्रह धरू नका, त्यानं ओकारी आणि जखम होते. स्राव सुकवणारी इंजेक्शनं असतात, पण ती पुढचा स्राव रोखतात, साठलेला काढत नाहीत. म्हणून आवाज सुरू झाल्या झाल्या डॉक्टरांना कळवा, चार तासांनी नको.

हात-पाय गार पडतात, कारण रक्त आता हृदय, मेंदू असं मोजक्या जागी फिरतं. गुडघ्यांवर, तळपायांवर जांभळट जाळीदार नक्षी उमटते. इंग्रजी माहितीपत्रकांतली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या अंगावर ती नक्षी नीट दिसत नाही, तेव्हा तळपाय, नखं आणि ओठांचा रंग बघा. गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. कातडी पातळ झालेली असते, भाजलं तरी ते सांगू शकत नाहीत. हलकी चादर पुरे. हातपाय गार आणि कपाळ मात्र तापलेलं, असंही होतं. ओला रुमाल ठेवा.

आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र कपाटात ठेवून द्या. गार बोटावर ते भलताच आकडा दाखवतं आणि सगळं घर अण्णांऐवजी त्या आकड्याकडे बघत बसतं. धाप वाटली तर चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, खिडकी उघडा, गर्दी कमी करा. चेहऱ्याला लागणाऱ्या गार झुळकेनं धाप खरोखर कमी वाटते.

आता गाडी. तुमच्या पत्रातल्या त्या ओळीशी मी थांबले. मरणाच्या आधी प्रवासाची भाषा बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. एक शेतकरी आजोबा 'बैल जुंपा' म्हणायचे, एक शिक्षिका वह्या गोळा करायला सांगायच्या. अण्णांनी आयुष्य एसटीत काढलं, ते पेटीच मागणार. गेलेले आईवडील, भाऊ दिसणं हेही तितकंच नेहमीचं. काकांशी बोलताना त्यांचा चेहरा शांत असेल तर 'काका कुठाय, ते तर वारले' असं म्हणून त्यांना ओढून परत आणू नका. गाडी लागली का विचारलं तर 'लागतेय अण्णा, पेटी घेतलीय, मी आहे इथं' म्हणा. यात खोटं काही नाही.

मात्र ते घाबरलेले असतील, चादर ओढत असतील, सारखे उठू बघत असतील तर आधी शारीरिक कारण शोधा. लघवी तुंबलीय का? ओटीपोट हातानं चाचपा. फुगलेलं, कडक लागलं आणि सात-आठ तासांत लघवी झाली नसेल तर डॉक्टरांना बोलवा, नळी घातल्यावर असा माणूस दहा मिनिटांत शांत झोपलेला मी पाहिलाय. शौचाला किती दिवसांत झाली नाही? मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, पोट साफ होण्याचं औषध सोबत असायलाच हवं. चादर ओली आहे का, पाय अवघडलाय का, दुखतंय का? यातलं काही नसेल तर ती शेवटच्या दिवसांतली बेचैनी असू शकते. तिच्यावर औषध आहे. त्यांना बांधून ठेवू नका.

आईंशी मात्र आजच बोला. मॉर्फिनमुळे गोंधळ होऊ शकतो, हे त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. यकृत आणि मूत्रपिंडं थकली की औषध अंगात साचतं. अंगाला बारीक बारीक झटके येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. पण गोळी लपवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. एकदम बंद केली की वेदना उसळते, वर औषध सुटल्याची तडफड होते. अण्णा दुखतंय हे शब्दांत सांगू शकणार नाहीत, ते नुसते कण्हतील, आणि आईंना वाटेल आजार वाढला. योग्य मात्रेतल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही. गोळी गिळता येईनाशी होणार आहे, बहुधा लवकरच, म्हणून दुसरा मार्ग आत्ताच विचारून ठेवा: कातडीखालची बारीक सुई किंवा कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी. मनानं गोळी कुटून देऊ नका, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. मिळण्याची अडचण असेल तर कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागाला विचारा. 2014 मध्ये कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. घरी झेपेनासं झालं तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करून आधार देणारं, केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे. तिथे न्यावं लागलं म्हणजे तुम्ही कमी पडलात असा अर्थ कुणी काढू नये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही फसाल. एखाद्या सकाळी अण्णा अचानक टवटवीत होतील, नावानं हाक मारतील, पिठलं-भाकरी मागतील. विझण्याआधी दिवा मोठा होतो म्हणतात, ते सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही, पण घडतं. त्या दिवशी भावाचं तिकीट रद्द करू नका. पिठल्याचं बोट चाटू द्या, आईंना जवळ बसवा, नातवंडांना शाळेतून बोलवून घ्या.

जठराचा कॅन्सर असल्यानं आणखी एक तयारी. क्वचित रक्ताची उलटी होते किंवा शौचाला काळं होतं. उशाशी दोन गडद रंगाचे टॉवेल ठेवा, लाल किंवा काळपट. पांढऱ्या चादरीवरचं रक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून वर्षानुवर्षं जात नाही. बहुधा ती वेळ येणार नाही, पण टॉवेल असू द्या.

आत्या गंगाजलाचं आणि भुईवर घेण्याचं बोलतीलच. दोन्ही करा, फक्त जपून. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं गंगाजल ओतलं आणि तो ठसकत, गुदमरत गेला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या मुलाला ते पुढे कधी विसरता आलं नाही. तुळशीचं पान गंगाजलात भिजवून ओठांना लावा, थेंबभर ओलावा पुरतो. आणि भुईवर घ्यायचं असेल तर ऊर्ध्व लागल्यावर चौघांनी उचलून घाईनं नको. हाडं दुखत असतात. एक-दोन दिवस आधीच गादी खाली घाला, अण्णा तिथेच राहू देत, डॉक्टरांनाही तसं सांगा.

खोलीत नसले तर, असं तुम्ही विचारलंत. रात्रभर हात धरून बसलेली मुलगी चहा टाकायला उठली आणि तेवढ्यात वडील गेले, हे इतक्यांदा झालंय की मी घरच्यांना ते आधीच सांगू लागले. का होतं ते मला सिद्ध करता येणार नाही. काही माणसांना आपल्या माणसांसमोर सुटणं जड जातं, असं मला वाटत आलंय. तुम्ही आणि आई पाळी लावून झोपा. त्यांना सांगायचं ते आजच सांगून टाका, ती शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही.

श्वास थांबल्यावर मिनिटभरानं एखादा श्वास पुन्हा येऊ शकतो. त्यानंतर जबडा सैल पडतो, डोळे अर्धे उघडे राहतात, कपड्यात लघवी किंवा शौच होऊ शकते. घाई कशाचीच नाही. घड्याळात वेळ बघा आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा. घाबरून 108 ला फोन गेला तर ते त्यांच्या कर्तव्याप्रमाणे छाती दाबून अण्णांना रुग्णालयात नेऊ पाहतील. तेव्हा कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून भिंतीला लावा. घरी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देणार का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. महापालिकेत 21 दिवसांत नोंद करायची असते, त्याला तो लागतो. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना नेत्रदान करता येतं. रक्ताचा आणि डोळ्याचा कॅन्सर हे मुख्य अपवाद.

कुणी नातेवाईक म्हणेल, आयसीयूत न नेता घरी ठेवलं म्हणजे गुन्हा झाला. नाही. सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 च्या निकालात सांगितलंय. डॉक्टरांचा घरी नेण्याचा सल्ला लिहिलेला कागद जपून ठेवा.

भावाला आज रात्रीच फोन करा. तो पोचेपर्यंत अण्णा बोलायचे थांबले, तरी फोन त्यांच्या कानाशी धरा. कॅनडात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या मरणासन्न माणसांपैकी काहींचा मेंदू आवाजांना निरोगी माणसाच्या मेंदूसारखाच प्रतिसाद देत असल्याचं दिसलं. म्हणून खोलीत त्यांच्यासमोर खर्चाचं, दाखल्याचं बोलू नका. आणि भावाला आधी बजावून ठेवा की पलीकडून 'हं' येणार नाही. तो 'हॅलो, अण्णा, ऐकताय ना?' असंच विचारत राहील आणि त्याचा आवाज फुटेल. त्याला म्हणावं, विचारू नको, सांग. विमानतळावर पोचलोय, बॅग टाकली, उद्या सकाळी मुंबईत उतरतोय, तिथून मिरजेची गाडी धरतोय. एवढं सांगितलं तरी चालेल.

तुमची,
ताई